हाकेची खिंड

फार मागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि तिथल्या पाटलाला गावातल्या जागांच्या नावांचं भारी कौतुक. कुंभाराची गाढवं जिथे लोळायची ती गाढवलोळी, पुरात अडकलेलं वऱ्हाड जिथे तीन दिवस राहिलं तो वऱ्हाडमाळ, अशी एकेका नावाची कथा तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सगळ्यांत लाडकी कथा हाकेच्या खिंडीची. त्याच्या आज्याने म्हणे खिंडीत उभं राहून अशी हाक दिली, की दरोडेखोर हत्यारं टाकून पळाले.

ही कथा कायमची राहावी म्हणून पाटलाने पाथरवटाकडून एक शिळा कोरून घेतली आणि ती खिंडीत बसवायला आसपासच्या गावांना बोलावणी धाडली.

त्या दिवशी पाटलाने कथा नेहमीसारखी रंगवून सांगितली. तेव्हा डोंगरापलीकडच्या गावची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"पाटील, इथं दरोडेखोर कधी आलेच नव्हते," ती म्हणाली. "हाक माझी होती."

लोक हसले. पाटीलही हसला. पण म्हातारी सांगत राहिली. ती सहा वर्षांची असताना तिच्या गावात पटकीची साथ आली. चिमाआत्या तिला घेऊन या गावाकडे निघाली आणि खिंडीतच आत्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. आत्याचा आवाजही फुटेना. मग ही पोरच दगडावर चढून पाणी मागत ओरडत राहिली. खाली वेशीवर माणसं दिसत होती. पण साथ गावात शिरेल म्हणून पाटलाच्या आज्याने वेस लावून घेतली होती आणि कोणी बाहेर पडायचं नाही अशी ताकीद दिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या गेली.

पाटलाने गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे, देवळाच्या गुरवाकडे पाहिलं. हे सारं खोटं आहे, एवढंच गुरवाने म्हणावं, अशी त्याची आशा. गुरवाने मान खाली घातली.

"माझा बाप तेव्हा वेशीवर होता," तो म्हणाला. "हाक सगळ्यांनी ऐकली होती."

म्हणजे इतकी वर्षं पाटील कथा सांगत होता आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

धाकट्या भावाने त्याला बाजूला घेतलं. म्हातारीला चळ लागलाय म्हणू आणि शिळा बसवून मोकळे होऊ, असं त्याचं म्हणणं. पाटलालाही क्षणभर तेच बरं वाटलं. आज्याच्या मांडीवर तो वाढला होता. पण म्हातारी कोणाकडेच बघत नव्हती. ती तिथल्या एका दगडावर हात ठेवून उभी होती.

पाटलाने शिळा पालथी करायला लावली आणि पाथरवटाला नवा मजकूर सांगितला. भाऊ तणतणत निघून गेला. पुढे वर्षभर तो पाटलाशी बोलला नाही.

उन्हं कलली तेव्हा अक्षरं पुरी झाली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून पाटलानेच वाचून दाखवलं: "चिमा इथे तहानेने गेली. पोरीची हाक गावाने ऐकली. कोणी आलं नाही."

म्हातारीने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्या साथीपासून तिच्या गावातल्या कोणी या गावचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. तिने पाटलासमोर ओंजळ धरली.

"घाला पाणी," ती म्हणाली.

तात्पर्य: वाडवडिलांचा पराक्रम कोणीही सांगेल, त्यांची चूक चारचौघांत कबूल करायलाच खरी छाती लागते.