मानेपुढचं डोकं

"मग डोकं गेलं कुठे, सर?"

धोटेसर खड्ड्याच्या काठावर जेवायला बसले होते. खाली चंद्रपूरकडच्या त्या उजाड माळात पाला खाणाऱ्या एका डायनोसॉरचा सांगाडा उघडा पडला होता. शेपूट, फासळ्या, लांबलचक मान... आणि मानेपुढे नुसती माती.

सांगाडा शोधला होता हृषीकेशने. तो सरांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. डोकं सापडलं असतं तर ही जात नवी ठरली असती आणि तिला नाव त्याने दिलं असतं.

"सकाळी तुम्ही एकटेच इकडे आला होतात. परतलात तेव्हा पिशवी जड होती."

"कोण म्हणालं?"

"तंबूत सगळेच म्हणतायत. मी आज विद्यापीठात तक्रार करणार आहे."

सरांनी फडक्यातली भाकरी हातात घेतली. जन्मभराची अब्रू जायची वेळ आली होती आणि हा माणूस भाकरी मोडत होता. असल्या शांतपणाचा मला तरी संशय येतो.

"डोकं केवढं असंल रे?"

"घोड्याच्या डोक्याएवढं. अंग मात्र घराएवढं."

"अन् दात?"

"पेन्सिलीसारखे. पाला ओरबाडायला पुरेसे. दाढा नाहीत. तो चावत नसे, नुसता गिळायचा. पोटात पाला कित्येक दिवस आंबत पडायचा."

"डोकं मानेला बसवलेलं कसं?"

"सैल." हृषीकेश अडखळला. "मेल्यावर आधी तेच गळतं... पाण्याबरोबर वाहून जातं. पण विषय बदलू नका, सर. पिशवी दाखवा."

सरांनी पिशवी पुढे सरकवली.

आत फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. जड, गोलसर, करड्या रंगाचं. हृषीकेशने ते वर उचललं.

"हे हाड आहे. आता काय म्हणाल?"

"मी कायले म्हणू? चाटून पाह्य."

जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. पहिल्याच वर्षी सरांनी हे शिकवलं होतं. त्याने जीभ टेकवली.

चिकटलं नाही. जिभेची मात्र आग आग झाली, डोळ्यांत पाणी आलं.

"मिरच्या ठेचाचा गोटा हाये," सर म्हणाले. "दाढा गेल्या माह्या. सारंच ठेचून खा लागते. जुना गोटा फुटला, म्हणून सकाळी नाल्यातून हा आणला."

हृषीकेशने गोटा परत फडक्यात गुंडाळला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर... तंबूत कोणीतरी म्हणालं, आणि मी..."

सरांनी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

"जेव."

त्याने मान खाली घालून मोठा घास तोंडात कोंबला आणि तसाच घशाखाली लोटला. सर त्याच्याकडे पाहत राहिले. मग खालच्या त्या भल्यामोठ्या फासळ्यांकडे...

"चावून खा, बाप्पा. त्याच्याएवढं पोट नाही तुह्यं."