एकशे वीस जागांची यादी

एका तालुक्याच्या गावात एक मंडळ होतं. गणपतीचं नाही, भजनाचंही नाही. 'रानसोबती' नावाचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं. या खेळात रानोमाळ भटकायचं, चित्रविचित्र प्राणी शोधायचे, त्यांना सोबती करायचं आणि त्यांच्या जोरावर दुसऱ्यांशी झुंजायचं. बावीस वर्षांत या खेळाचे दहा भाग निघाले होते. दर रविवारी दुपारी मंडळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमत आणि कुठला भाग सरस, कुठला प्राणी लाडका, यावर घसा बसेपर्यंत भांडत.

मंडळाची एक पद्धत होती. नवा सभासद आला की त्यानं आपला पहिला सोबती, म्हणजे खेळात सगळ्यात आधी मिळवलेला प्राणी, मंडळाच्या सामायिक पेटीत ठेवायचा. पेटी म्हणजे मंडळाच्या जुन्या यंत्रातली साठवणीची जागा. त्या प्राण्याला कोणी झुंजीत उतरवायचं नाही, कोणाशी बदलायचं नाही. माणूस नोकरीला पुण्याला गेला, कोणी लग्न होऊन नाशिकला गेली, तरी त्यांचा पहिला सोबती गावातच राही. सुट्टीत आलेली माणसं वाचनालयाचा जिना चढून त्याला बघून जात.

हळूहळू पेटीत इतर प्राणीही साचत गेले. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आपले तगडे प्राणी ठेवले, हौशी लोकांनी आपले आणखी लाडके ठेवले. होता होता आकडा तीनशेवर गेला.

मग अकरावा भाग आला आणि त्याच्याबरोबर खेळ काढणाऱ्या कंपनीची सूचना आली. जुनी पेटी पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता कायमची बंद होणार. नव्या पेटीत फक्त एकशे वीस प्राणी नेता येणार. मागे राहतील ते पुसले जाणार.

मंडळाचा अध्यक्ष प्रथमेश सोनटक्के. जिल्ह्याच्या स्पर्धेत दोनदा पहिला आलेला. त्यानं तत्परतेनं यादी केली. प्रत्येक प्राण्याची ताकद, वेग आणि चिवटपणा यांची बेरीज मांडली. वरचे एकशे वीस आत, बाकीचे बाहेर. पुढच्या रविवारी यादी भिंतीवर लागली.

यादीत भिजका नव्हता.

भिजका हा केतकी गुंजाळचा पहिला सोबती. तिसऱ्या भागातलं एक घुबड, कायम ओलं. झुंजीत त्याचा एकच डाव होता: अंग झटकून समोरच्यावर पाणी उडवणं. त्या डावानं आजवर कोणी हरलं नव्हतं. पण केतकी नऊ वर्षांची असताना पाय मोडून दोन महिने खाटेवर पडली होती, तेव्हा खेळातला हा प्राणी न बोलावता तिच्या मागे चालू लागला होता. वाटेत डबकं दिसलं की तो थांबायचा, वाकून आत बघायचा आणि मग धावत येऊन तिला गाठायचा. केतकी आता एम.ए.ला होती. डबक्याशी थांबणारा भिजका तिला अजून रोजच्यासारखा दिसत असे.

तिचं डोकं फिरलं. भरल्या खोलीत ती उभी राहिली.

"ही यादी कोणी ठरवली?"

"आकड्यांनी," प्रथमेश म्हणाला. "मी फक्त बेरीज केली."

"बावीस वर्षं लोकांनी जीव लावला, त्याची बेरीज कुठे आहे?"

"त्याचा रकाना नाही, केतकी. आणि जागा एकशे वीसच आहेत. तुझं ओलं घुबड आत घेतो, बाहेर कोणाला काढू ते तू सांग. टॉवेल मात्र घेऊन ये."

दोघं-तिघं हसले. केतकी हसली नाही. तिनं भिंतीवरची यादी काढून हातात घेतली आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एकशे वीसपैकी सदतीस प्राणी एकट्या प्रथमेशचे होते.

"ज्याच्या हातात पेन, त्याचेच प्राणी वाचणार," ती म्हणाली. "आणि वर म्हणायचं, आकड्यांनी ठरवलं."

प्रथमेशचे कान लाल झाले. त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"कर मग तूच यादी. आठवडा आहे. बघू तुझा न्याय."

केतकीनं पेन उचललं. तिला शंका नव्हती. ज्यांच्या मनाला कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी आपण उभ्या आहोत, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि ते खोटं नव्हतं.

ती घरोघर गेली. लोकांकडून त्यांच्या प्राण्यांच्या गोष्टी ऐकल्या, वहीत लिहिल्या. दत्तू शिंप्यानं आपल्या कंदिल्याचं सांगितलं. हा प्राणी अंधारात पेटायचा, पण घाबरला की विझायचा, म्हणून दत्तू त्याला कधी गुहेत नेत नसे. शाळेच्या शिपायानं आपल्या तीन डोक्यांच्या कासवाचं सांगितलं, ज्याची तिन्ही डोकी कधी एकमेकांशी बोलत नसत. केतकी ऐकता ऐकता हळवी व्हायची, आणि प्रथमेशवरचा तिचा राग वाढायचा.

पण प्रेम खरं कुणाचं, हे ठरवत होती तीच. तिसरा भाग सगळ्यांत उत्तम, याबद्दल तिच्या मनात वादच नव्हता. म्हणून तिचे स्वतःचे तिसऱ्या भागातले अकरा लाडके यादीत आले. आणि सहावा भाग टुकार, याबद्दलही वाद नव्हता. तो लहान मुलांसाठी काढलेला. त्यात वाचायला काही नाही, सगळं बोलून सांगितलं जातं. मंडळात त्याला 'बालवाडी' म्हणत. पेटीत सहाव्या भागातले अठरा प्राणी होते. केतकीनं त्या अठरांवरून एकच सरळ रेघ ओढली.

ही रेघ तिनं सुलभाकाकूंच्या खाणावळीत बसून ओढली. काकू पोळी-भाजीचं ताट घेऊन आल्या.

"काय लिहितेस गं एवढं?"

"मंडळाची यादी, काकू."

"झाली?"

"झालीच म्हणायची."

काकू क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. त्याही मंडळाच्या सभासद होत्या, सहा वर्षांपासूनच्या. केतकीनं वहीतून मान वर केली नाही. काकू आत गेल्या.

ठरलेल्या रविवारी दुपारी अडीचला खोली भरली. पेटी पाचला बंद व्हायची होती. केतकीनं यादी वाचली. नुसती नावं नाही, प्रत्येकाच्या गोष्टीतलं एकेक वाक्यही वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदोघांनी तर प्रथमेशकडे वळून बघितलं.

टाळ्या थांबल्यावर मागून सुलभाकाकू उठल्या.

"केतकी, माझा ढोलू वाचायचा राहिला का गं?"

"ढोलू म्हणजे?"

"अस्वल. स्वतःचं पोट वाजवत चालतं ते. सहाव्या भागातलं."

"सहाव्या भागातले नाही घेतले, काकू. जागा नव्हती."

"बरं. पण मला विचारलं नाहीस."

"त्यात विचारायचं काय? सहावा भाग कसा आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे. धड गोष्ट नाही, धड झुंज नाही."

"मला वाचता येत नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही आणि चढवलाही नाही. "बाकीच्या भागांत पावलोपावली पाटी येते. ती वाचली नाही तर पुढे जाता येत नाही. सहावा भाग बोलतो. मी तेवढाच खेळले. तो चांगला की वाईट, मला कसं कळणार?"

केतकीनं इथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. आपली बाजू न्यायाची आहे, असं ज्याला एकदा वाटलं, त्याला खाली बसणं फार जड जातं. ती आपली कसोटी समजावून सांगू लागली. नुसती सवय वेगळी आणि खरी ओढ वेगळी. प्राण्याला स्वभाव हवा, भागाला दर्जा हवा. मध्येच कोणी दर्जा म्हणजे काय विचारलं, तर तिनं तेही समजावलं. आपण किती घरं फिरलो हे सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला.

शेवटी प्रथमेश कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "काकू, त्याचा रकाना नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. केतकीच्याच तोंडून इतका वेळ हेच वाक्य निघत होतं, फक्त लांबलचक होऊन.

"माझा भिजका काढा," ती म्हणाली. "त्याच्या जागी ढोलूला घाला."

आता मात्र काकू चिडल्या.

"मी भीक मागायला जिना चढून आले का? आणि बाकीच्या सतरांना काय सांगशील? त्यांच्याही बदल्यात कोणी काढशील?" त्या पुढे येऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. "एक सांगा मला, तुम्ही दोघं शिकलेली आहात. पेटीत माणसांचे पहिले सोबती किती? नुसते पहिले. एकेकाचा एक."

प्रथमेशनं केतकीकडे बघितलं. केतकीनं प्रथमेशकडे. दोघांनाही माहीत नव्हतं.

"खाणावळीत मी आधी ताटं मोजते, मग पोळ्या लाटते. तुम्ही पंधरा दिवस पोळ्याच निवडत बसलात."

प्रथमेश यंत्रापाशी बसला. पेटीत प्रत्येक प्राण्यासमोर तो कोणी आणि कधी ठेवला, ते लिहिलेलं असे. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकशे चार," तो म्हणाला.

जागा एकशे वीस होत्या. म्हणजे प्रत्येकाला जागा होती. काकूंना होती, दत्तूला होती, नाशिकला गेलेलीला होती. अगदी पहिल्या दिवसापासून होती. अपुरेपणा कंपनीनं आणला नव्हता. तो आणला होता प्रथमेशच्या यादीतल्या तगड्या प्राण्यांनी आणि केतकीच्या यादीतल्या लाडक्यांनी. एकानं ताकदीचं नाव घेतलं होतं, दुसरीनं प्रेमाचं. ज्यांना विचारायचं, त्यांना बाहेर ठेवण्यात मात्र दोघांचं एकमत होतं.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

प्राणी एकेक करूनच न्यावा लागे. तो जुन्या पेटीतून बाहेर यायचा, सगळीकडे एकदा बघून घ्यायचा आणि नव्या पेटीत शिरायचा. हा देखावा मिनिटभर चालायचा, टाळता यायचा नाही. शंभर मिनिटं उरली होती आणि प्राणी होते एकशे चार.

"सहाव्या भागातले अठराही पहिलेच सोबती आहेत, ते आधी घे," केतकी म्हणाली. "माझा शेवटी."

ढोलू पोट वाजवत गेला. कंदिल्या न विझता गेला. लोक आपापला प्राणी आला की उठून पडद्यापाशी जात आणि तो गेला की जागेवर येऊन बसत. चहा आला, तो तसाच थंड झाला. पाचला चार मिनिटं असताना अजून आठ प्राणी बाकी होते. त्यांतले सात परगावी असलेल्यांचे होते आणि आठवा भिजका.

"तुझा मध्ये घेऊ का?" प्रथमेशनं हलक्या आवाजात विचारलं. "इथे हजर असलेल्यांपैकी तुझ्या एकटीचाच राहिलाय. कोणी काही म्हणणार नाही."

केतकीनं पडद्याकडे बघितलं. भिजका रांगेच्या टोकाला उभा होता आणि सवयीप्रमाणे खाली वाकून काहीतरी बघत होता.

"नंबरानं घे," ती म्हणाली.

शंभरावा प्राणी गेला आणि पडदा पांढरा झाला. चार राहिले: तीन परगावच्यांचे आणि भिजका.

त्या तीन परगावच्यांना फोन करण्याचं काम केतकीनं मागून घेतलं. पहिल्या दोघांनी "असू दे" म्हटलं. तिसरा वसीम, सुरतेला कापडाच्या कारखान्यात असलेला. तो असू दे म्हणाला नाही.

"जागा नव्हती का?" त्यानं विचारलं.

"जागा होती. वेळ मी घालवला. वीस मिनिटं भांडत होते."

पलीकडे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"आठवडाभर तू घरोघर फिरलीस म्हणे," वसीम म्हणाला. "माझा नंबर नव्हता का तुझ्याकडे?"

"होता," केतकी म्हणाली.

तात्पर्य: आपल्या आवडत्यावर अन्याय झाला की कोणीही पेटून उठतं, पण निवड करायचं पेन हातात आल्यावर, ज्याच्या आवडीची आपल्याला किंमत वाटत नाही त्याला जो सगळ्यांत आधी विचारतो, त्याचाच राग न्यायाचा.