खिंडीतला बार

एका गावात एक पैज लागली आणि धुळाजी नावाच्या शहाण्यानं ती घेतली. शहाणा म्हणजे किती, ते कळेलच.

गाव घाटाच्या तोंडाशी. पूर्वी खिंडीतून दरोडेखोर यायचे. तेव्हाच्या राजानं गावाला हक्क दिला, "घरटी एक बंदूक ठेवा. खिंडीत बार झाला की घरटी एकानं धावून या, एकमेकांना राखा." पुढं राजा गेला, दरोडेखोर गेले, खिंडीतून एसटी जायला लागली. हक्क मात्र राहिला. नव्या सरकारनंही तो काढला नाही. गाव छाती फुगवून सांगायचं, "आमच्याकडं घरटी बंदूक!" राजाचं पुढचं वाक्य कुणी सांगायचं नाही. वर्षभर बंदूक खुंटीला. दसऱ्याला खाली काढायची, पुसायची, दारू-गोळी ठासायची, झेंडूची माळ घालायची. झालं.

त्या दसऱ्याला सकाळी दाट धुकं होतं. धुळाजीचा मेहुणा बिरू सणाला आलेला. माळ घातलेली बंदूक बघून तो खो खो हसला.

"दाजी, ही बंदूक हाय का नवरदेव? हिंमत असंल तर खिंडीत बार काढून दावा. लागली पैज!"

बायको आतून ओरडली, "अवो, खिंडीत नगं! सगळं गाव धावंल."

"धावू दे की. सणाचं जेवण जिरंल," धुळाजी म्हणाला, आणि गेला.

खिंडीत त्यानं बार काढला. मग करवंदीच्या जाळीमागं लपून तोंड दाबून हसत बसला.

खिंडीजवळचं पहिलं घर हौसाबाईचं. नवरा वारलेला. घरात ती आणि तिची लहान पोर, चंद्री. धावून जायला दुसरं कुणी नव्हतं. राजाचं पुढचं वाक्य बहुतेक तिला एकटीलाच पाठ होतं. नवऱ्याची बंदूक खांद्यावर टाकून ती सगळ्यांच्या आधी खिंडीत पोचली.

मागून गाव आलं. धुक्यात त्यांना वर एक सावली दिसली. खांद्यावर बंदूक.

"आले रं आले!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या बंदुका एकदम उडाल्या.

धुळाजीचं हसू जाळीतच राहिलं.

गोळी कुणाची, ते कुणाला सांगता येईना. सांगायचंही नव्हतं. मग गावानं ठरवून टाकलं, दरोडेखोर आले होते, त्यांनीच हौसाबाईला मारलं. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. पाटील म्हणाले, "बघा, हक्क होता म्हणून गाव वाचलं. आता घरटी दोन बंदुका घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. धुळाजीनंही डोलावली.

चंद्रीला धुळाजीच्याच बायकोनं घरी आणलं. पोर जेवायची, निजायची, शाळेत जायची. पण शाळा सुटली की खिंडीत जाऊन बसायची. आईची बंदूक तिला उचलत नव्हती, म्हणून खांद्यावर काठी. एसटीतून उतरणाऱ्या एकेका माणसाकडं टक लावून बघायची.

धुळाजी तिला घरी न्यायला यायचा. एक दिवस तिनं विचारलं, "काका, दरोडेखोर कसा दिसतो? तो परत आला तर मला वळखू यायला पायजे ना?"

धुळाजी तिच्यासमोर खाली बसला. त्यानं तिच्या खांद्यावरची काठी हळूच काढून घेतली.

"माझ्यासारखा दिसतो, पोरी. दुसरं कुणी आलंच नव्हतं. गोळी कुणाची लागली ते मला ठावं नाही. पण बार मी काढला होता. पैजेसाठी. चल, हे आता चावडीवर सांगतो."

तात्पर्य: शेजाऱ्याला राखायला मिळालेलं हत्यार मिरवायला काढलं, की ते आधी शेजाऱ्यावरच चालतं. आणि भीती खोटी असली, तरी तिच्यापायी मेलेलं माणूस खरंच मेलेलं असतं.