गिरजाची सरळ वाट

फार वर्षांपूर्वी, कोरेगव्हाण आणि धामणवेळ या दोन गावांमध्ये साधा गाडीरस्ताही नव्हता, तेव्हाची ही हकिगत. मध्ये होती एक पायवाट, सात शेतांमधून सुतासारखी सरळ जाणारी. कोरेगव्हाणातून निघताना तोंडात टाकलेला विडा रंगेपर्यंत धामणवेळ यायची, असं म्हणतात. थोडं वाढवूनच म्हणतात, पण वाट सरळ होती यात खोटं नाही.

धामणवेळीत तेव्हा घरं सातच, आणि ती सातही शेतं त्यांचीच. कुंभाराचं घर मात्र कोरेगव्हाणात, गिरजाचं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं नवी घागर भरून पुजायची, कावळ्याला घास ठेवायचा, आणि हे सगळं माध्यान्ह टळायच्या आत. घागर नसेल तर पितर वर्षभर तहानलेले राहतात. म्हणून दर आखितीला गिरजा उजाडताच सात घागरी हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, घालून डोक्यावर घेई, सात घरी पोचवी, आणि दुपारच्या आत घरी परते.

गिरजा तोंडाची फटकळ होती. का नसावी? उन्हाळी नांगरट करताना जो तो वाटेतला एक तास आपल्या शेतात ओढून घेई. तास म्हणजे नांगराची एक ओळ. एकच हं. पुढच्या वर्षी आणखी एक. मग वाट बांधावर गेली, बांधावरून बाभळींत आणि बाभळींतून ओढ्यात. सुटलेलं वासरू हुडकत कुणी रानभर हिंडावं, तशी ती हिंडू लागली.

"काय रं हैबती, वाट कुठाय?" गिरजा पहिल्या शेताच्या धन्याला विचारी.

"म्या एकच तास घेतला, आत्या. वाट मोडली ती सोनबानं."

सोनबाला विचारावं तर तो तिसऱ्याकडं बोट दाखवी, तिसरा चौथ्याकडं, आणि सातवा पुन्हा हैबतीकडं. गिरजा कपाळावर हात मारून घेई आणि ओढ्यातून गुडघाभर चिखल तुडवत जाई.

त्या वर्षी माघात गिरजाचा नवरा रखमाजी वारला. त्याची ही पहिली आखिती. पहिली घागर चुकली तर गेलेल्या माणसाला पितरांच्या पंगतीत बसू देत नाहीत, असं म्हणतात. गिरजानं त्याची घागर सगळ्यांच्या आधी घडवली आणि चुलीपाशी ठेवली. सातांच्या पोचवायच्या आणि पाय उचलून परत येऊन आपल्या धन्याची भरायची, एवढंच तिच्या मनात होतं.

शिवारात येऊन बघते तर वाटच नाही. बांधसुद्धा नाही. सातही जणांनी आदल्या दोन दिवसांत सगळं रान नांगरून टाकलं होतं. आता यात न कळण्यासारखं काय आहे? ज्या वाटेनं आपल्या बापाची घागर यायची, ती आखितीच्या तोंडावर कुणी नांगरतं का? पण त्यांनी नांगरली.

ओढ्यात उतरायची जागाही नांगरटीत गेलेली, आणि सगळ्या ओढ्याला वळसा घालून गेलं तर परतायला दिवस कलणार. हारा उतरवून ती घरी गेली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण सात घरच्या पितरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? तिनं पदर खोचला आणि डोक्याएवढ्या ढेकळांतून सरळ निघाली, पावलापावलाला बडबडत.

हैबतीच्या शेतात पाय मुरगळला आणि हाऱ्यातून एक घागर निसटून फुटली. नेमकी हैबतीची. गिरजा प्रत्येक घराच्या घागरीवर निराळी खूण काढी, म्हणून तिला कळलं. सोनबाच्या शेतात सोनबाची फुटली. असं करत सातव्या शेतात सातवी फुटली, आणि सूर्य डोक्यावर आला.

गिरजा रिकामा हारा घेऊन ढेकळांत बसली. ना इकडची, ना तिकडची. "तुमच्या एकेका तासापायी माझा धनी तहानला रं," म्हणाली आणि रडली. भांडखोर बाई रडली, ते एवढंच.

तिकडं धामणवेळीत घागरींची वाट बघून लोकांनी जुनी भांडी पुजली, घास ठेवले. एकही कावळा फिरकला नाही. हैबती घराच्या धाब्यावर चढून बघतो तर कावळे शेतात बसलेले. सात शेतांत, दोरी धरून बसवल्यासारखे, एका ओळीत. सगळे पाणी घेऊन धावले. जिथं कावळा, तिथं खापर, आणि खापरावर ज्याची त्याची खूण. प्रत्येकानं आपापल्या खापरात पाणी ओतलं, आणि कावळे प्यायले.

हैबती गिरजापुढं येऊन उभा राहिला. "आत्या, चुकलं."

"ते मला काय सांगतोस? माझ्या घरी घागर कोरडी पडलीया."

मग सातही जणांनी धामणवेळीच्या विहिरीतून पाणी काढलं, डोक्यावर घेतलं आणि खापरांच्या ओळीवरून, मोडलेल्या वाटेवरून, कोरेगव्हाणात गेले. गिरजा मागून सगळी वाट बोलत होती. रखमाजीची घागर काठोकाठ भरेपर्यंत सूर्य डोक्यावरून हलला नाही, असं म्हणतात. आणि वाटेत जिथं जिथं पाणी सांडलं तिथली माती अशी बसली की पुन्हा नांगराचा फाळ तिथं रुतला नाही.

आता दोन्ही गावांना डांबरी रस्ता आहे, तो टेकडीला वळसा घालून जातो. पण आखितीला सकाळी धामणवेळीची माणसं डोक्यावर पाणी घेऊन त्या पायवाटेनं निघतात. वाटेत प्रत्येकानं कुरकुर केलीच पाहिजे, उन्हाबद्दल, ढेकळांबद्दल, शेजाऱ्याबद्दल. मुकाट चालणाऱ्याला परत पाठवतात. कोरेगव्हाणात गिरजाचं घर राहिलेलं नाही, तिथं एक लिंब आहे. त्याच्याखाली नवी घागर मांडलेली असते. धामणवेळ आधी ती रखमाजी कुंभाराची घागर भरते, आणि मग घरी जाऊन आपल्या बापाची.