डावीकडचा आवाज

एका शहरात शार्दूल नावाचा एक तरुण होता, आणि त्याच्या घरात पन्नास वर्षं चालत आलेली एक चेष्टा होती. तिचं नाव ‘आत्याची रेकॉर्ड’.

झालं असं होतं, की शार्दूलची शालनआत्या विशीत असताना भावगीतांच्या एका रेकॉर्डवर कोरसमध्ये गायली होती. चार मुली, एक माइक. पण कोरसवाल्यांची नावं कव्हरवर छापली नव्हती, आणि आत्याच्या हातात ती रेकॉर्ड कधी पडलीच नाही. त्यामुळे ती सांगत राहिली आणि घरचे हसत राहिले. सगळ्यात जास्त हसायचे शार्दूलचे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आत्याही हसायची. पण हल्ली ती तो विषयच काढेनाशी झाली होती, आणि हे फक्त शार्दूलच्या लक्षात आलं होतं.

मग काय, शार्दूल पेटला. जुन्या बाजारात सहा महिने पायपीट करून त्याने ती रेकॉर्ड शोधली. माळ्यावरचा टर्नटेबल खाली काढला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मित्राकडून उचलून आणले. आता राहिला प्रीॲम्प. म्हणजे कसं, रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज एवढा बारीक असतो की मुंगी बोलतेय असं वाटावं. तो आधी थोडा मोठा करून पुढे पाठवणारा डबा म्हणजे प्रीॲम्प. नवीन त्याला नकोच होता. रेकॉर्डच्या काळातलाच हवा होता.

त्यासाठी तो तांबट गल्लीत रझियाआपांकडे गेला. आपा वडिलांच्या हाताखाली रेडिओ दुरुस्ती शिकलेल्या. दुकानात दोन जुने प्रीॲम्प होते. एक चंदेरी, बटणंच बटणं, वर निळे दिवे. दुसरा तपकिरी, मळका, एक बटण फुटलेलं. शार्दूल अर्थातच चंदेरीवर भाळला. आपांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि दोन्हींवर एकच गाणं वाजवून दाखवलं. डोळे उघडल्यावर त्याने मुकाट्याने मळक्याकडे बोट केलं.

आपांनी त्यावर पंधरा दिवस घातले. सुकलेले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बदलले, चांगले होते ते तसेच ठेवले. आत आवाज मोठा करणारे दोन ट्रान्झिस्टर होते, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. जुळ्या भावांसारखे निवडून बसवलेले. त्यांना आपांनी हातही लावला नाही. डबा त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, “आता हा ऐकायचा. उघडायचा नाही.”

डबा घरी आला आणि काय वाजला म्हणून सांगू. दुसरा कुणी असता तर खूश होऊन गप्प बसला असता. पण शार्दूलने एक व्हिडिओ पाहिला. जुने कंडेन्सर एकूण एक बदला, आवाज अजून खुलतो, असं त्यात एक जण ठासून सांगत होता. आत्या रविवारी येणार होती. तिला सगळ्यात भारी ऐकवायचं म्हणून याने शनिवारी दुपारी डबा उघडला. सोल्डरिंगची तापलेली कांडी जरा जास्तच वेळ टेकवून धरली. जळका वास आला तसा त्याचा धीर सुटला. घाईघाईने जुनाच कंडेन्सर परत लावून त्याने स्क्रू आवळले. लावून बघितलं तर आवाज फक्त उजवीकडून. जाऊ दे, गाणं तर तेच आहे ना, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

रविवारी सगळे जमले. आत्या पुढच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली. रेकॉर्ड फिरली. गायिका आली, व्हायोलिन आलं. कोरस काही आला नाही. आत्याने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

“ताई,” बाबा म्हणाले, “तू नुसते ओठ हलवत होतीस वाटतं.”

सगळे हसले. आत्या हसली नाही. म्हणाली, “असेल रे. मलाच काहीतरी भलतं आठवत असेल.”

स्टिरिओ रेकॉर्डमध्ये कधीकधी कोरस अख्खा डाव्या बाजूला टाकतात, हे शार्दूलला पक्कं माहीत होतं. पण सांगायचं तर डबा आपण उघडला हेही सांगावं लागणार. तो म्हणाला, मशीन जरा तपासून आणतो.

आपांची एक रीत होती. सेट आला की त्या आधी विचारायच्या, याला किती हात लागले? सोमवारी त्यांनी तेच विचारलं. शार्दूल म्हणाला, तुमचाच, आपा.

आपांनी झाकण काढलं. वरून सगळं जिथल्या तिथे. बोर्डाच्या खालच्या बाजूला बघायचं कारणच नव्हतं, शार्दूलच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे कुणी गेलंच नव्हतं ना. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे चूक माझी. डावा ट्रान्झिस्टर थकला असणार आणि मला ते कळलं नाही. असं म्हणून त्यांनी फळीवरून तपकीर ठेवायची एक जुनी डबी काढली. तिच्यात कापसात गुंडाळलेली तसल्याच ट्रान्झिस्टरची एक जोडी होती. वडिलांच्या सेटसाठी जपून ठेवलेली, शेवटची. ही बसवते, जुनी कापून टाकते, असं त्या सहज म्हणाल्या आणि त्यांनी कटर उचललं.

“आपा, थांबा,” शार्दूल म्हणाला. “हात माझाही लागलाय. शनिवारी मीच उघडला होता.”

आपांनी कटर खाली ठेवलं. रागावल्या असतील, पण दाखवलं नाही.

“कुठे?”

त्याने जागा दाखवली. आपांनी बोर्ड उलटा केला, भिंग धरलं. तांब्याची बारीकशी पट्टी उष्णतेने उचलली जाऊन तुटली होती. केसाएवढी फट. नखाएवढ्या तारेने त्यांनी ती पाच मिनिटांत जोडली. चांगली जोडी आत वाचली, आणि वडिलांची पुन्हा कापसात गेली.

“सेट खोटं बोलत नाही, बाळा. आणणारे बोलतात,” आपा म्हणाल्या. “मला सांगितलंस ते बरं झालं. पण जिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, तिला कोण सांगणार?”

शार्दूल घरी आला. आत्या अजून मुक्कामालाच होती. डबा जोडला, पण रेकॉर्ड लावण्याआधी सगळ्यांसमोर उभा राहिला.

“आत्या, तू काल रेकॉर्डमध्ये होतीस. मी डबा बिघडवला होता. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.”

आणि त्याने सुई टेकवली.

दुसऱ्या ओळीला डावीकडून चार मुली आल्या. त्यातली एक ओळीचा शेवट थोडासा वर उचलून सोडत होती, जशी आत्या आजही जेवायला हाक मारताना सोडते. बाबा उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, डाव्या स्पीकरसमोर नेऊन ठेवली आणि खाली मान घालून ऐकत बसले.

तात्पर्य: चूक कुणाकडूनही होते; पण ती लपवली की बिघाड आहे तिथेच राहतो आणि दोष मात्र निर्दोष माणसाच्या माथी बसतो.