केराबाईचा उजवा अंगठा

कडबाकुट्टीच्या यंत्रानं केराबाईचा उजवा हात खांद्यापासून नेला, आणि त्याबरोबर खुरपणीची मजुरीही गेली. चूल पेटायची तर अपंगांचं पेन्शन हवंच. पण कचेरीतल्या साहेबानं अर्ज परत सरकवला.

"बाई, अंगठ्याची चौकट कोरी आहे."

"डावा देते की!"

"डावा पुरुषांचा. बायकांचा उजवाच लागतो. नियम म्हणजे नियम!"

केराबाईनं पोलक्याची रिकामी बाही साहेबाच्या नाकापुढं नेली. "मग धरा, शाई लावा आन् उमटवा तुमच्या हातानं! अंगठा घावला तर धडधाकट म्हणून हाकला मला. न्हाई घावला, तर पेन्शन द्या!"

साहेबाचा हात खरंच बाहीकडं गेला, तशी सगळी रांग खो खो हसली. साहेबानं तो झटकन मागं घेतला आणि मंजुरीची सही ठोकली.

उजव्या हातानं.