मिठाच्या चार वाटा

किती राजे आले आणि किती गेले याची गणती कुणी ठेवत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा समुद्राकडचं मीठ घाटावर चढायचं ते बैलांच्या पाठीवरून. असं मीठ वाहणारा लमाणांचा एक तांडा होता. त्याच्याकडे दोनशे बैल होते आणि झमकी नावाची नायकीण होती. तांड्याचा नायक असलेला नवरा गेल्यावर तांड्यानं एकमतानं तिलाच पुढं केलं, कारण ती बोलायची कमी आणि ऐकून घ्यायची जास्त.

तांड्याचा धंदा सरळ होता. खाली दोन मिठागरं, एक खाडीचं आणि एक बंदराचं. वर दोन पेठा, एक देवीची आणि एक नदीकाठची. प्रत्येक मिठागरातून शंभर गोण्या निघायच्या, प्रत्येक पेठेला शंभर गोण्या लागायच्या. झमकीच्या सासऱ्यानं नियम घालून दिला होता, की सगळ्यांत जवळची वाट आधी धरायची. खाडीच्या मिठागरापासून देवीची पेठ तीन दिवसांवर, म्हणून खाडीचं मीठ तिकडं जायचं. मग उरायचं बंदराचं मिठागर आणि उरायची नदीकाठची पेठ. त्या दोहोंमध्ये नऊ दिवसांचा ओसाड माळ पसरला होता. पण नियम तो नियम.

जवळच्या वाटेचे शंभर बैल झमकीचा धाकटा दीर हेमला न्यायचा. लांबच्या वाटेचे शंभर थावरू न्यायचा. थावरू तांड्यातला सर्वांत जुना माणूस, कधी कुरकुर न करणारा. एका साली मात्र एकाच खेपेत त्याचे तीन बैल माळावर बसले ते उठलेच नाहीत. परत आल्यावर तो झमकीच्या पालाशी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, अजून एक खेप करीन. मग मी आणि माझी माणसं मिठागरात मजुरीला राहू. मेलेल्या बैलाच्या पाठीवरनं गोणी उतरवणं आता होत नाही माझ्यानं."

झमकीला रागवायलाही जागा नव्हती. थावरू गेला तर त्याच्याबरोबर पन्नास माणसं जाणार, आणि पन्नास माणसं गेल्यावर तांडा तांडा राहणार नव्हता.

तिनं आधी सुचेल ते करून पाहिलं. थावरूच्या बैलांना जास्तीची पेंड दिली, तर ती वाहायलाच आणखी बैल लागू लागले. हेमला आणि थावरूनं वाटा आलटून पालटून घ्याव्यात असं मनात आलं, पण त्यानं एवढंच झालं असतं की मरणाऱ्या बैलांचे मालक बदलले असते. माळ नऊ दिवसांचा तो नऊ दिवसांचाच.

एके दुपारी बैल रवंथ करत बसले असताना तिनं मातीत चार दगड मांडले. दोन मिठागरं, दोन पेठा. प्रत्येक मिठागरापासून प्रत्येक पेठेपर्यंत रेघ ओढली आणि जितके दिवस लागतात तितके चिंचोके त्या रेघेवर ठेवले. त्यातल्या दोन वाटांनी तांडा कधी गेलाच नव्हता. त्यांचे दिवस तिनं तिकडं मेंढरं चारणाऱ्या धनगरांना विचारून आणले होते. खाडीपासून नदीकाठची पेठ चार दिवस. बंदरापासून देवीची पेठ, तीही चार दिवस.

चालत्या दोन वाटांचे चिंचोके तिनं ओंजळीत घेतले. तीन आणि नऊ, बारा भरले. ते ठेवून दिले आणि कधी न चाललेल्या दोन वाटांचे उचलले. चार आणि चार, आठ. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिनं पुन्हा मोजले, मग शेजारणीकडून मोजवून घेतले. आठच.

तिनं तांडा बोलावला आणि दगड दाखवले. थावरू खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. हेमलाला मात्र ते पटेना. देवीची पेठ त्याच्या ओळखीची, वाट पायाखालची. तीन दिवसांची सोडून चार दिवसांची वाट कुणी शहाण्यानं धरावी का, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या बाजूनं माना हलवणारेही बरेच होते.

झमकी म्हणाली, "भावजी, जवळच्या वाटेनं तुमचा एक दिवस वाचतो हे खरं. पण तुमच्या त्या एका दिवसापायी थावरूकाका पाच दिवस जास्त चालतात."

 संध्याकाळी हेमलानं एवढाच निरोप धाडला, की एक खेप करून पाहतो.

ती खेप काही चांगली गेली नाही. खाडीकडून नदीकाठच्या पेठेला जाताना दुसऱ्या दिवशी कातळातल्या एका कुंडाशी बैल पाण्याला लागले, आणि पन्नास बैल पिऊन होतात तोच कुंड रिकामं झालं. उरलेले तसेच तहानलेले पुढं गेले. मेला कुणी नाही, पण हेमला परतला तो धुमसत. दगडांना तहान लागत नाही, असं त्यानं चारचौघांत सुनावलं.

झमकीनं आपली बाजू मांडली नाही. कुंड किती खोल, झरा कुठून येतो, किती वेळात पुन्हा भरतं, एवढंच ती विचारत राहिली. चिडलेला माणूसही नेमकं विचारलं की नेमकं सांगू लागतो. रात्रीतून कुंड काठोकाठ भरतं, हे हेमलाच्याच तोंडून आलं. झमकीनं त्या रेघेवर कुंडाचा पाचवा दगड ठेवला आणि म्हणाली, "हे माझ्या मांडणीत नव्हतं. चूक माझी. पुढच्या खेपेपासून पन्नास बैल आधी निघतील, पन्नास दुसऱ्या दिवशी."

मागच्या पन्नासांचा एक दिवस जास्त गेला. तो धरूनही पूर्वीच्या बारा दिवसांच्या जागी नऊच दिवस होत होते.

पुढं सबंध हंगामात तांड्याचा एकही बैल वाटेत पडला नाही. दोन्ही पेठांना मीठ वेळेवर पोचलं. थावरूनं मजुरीचं नाव पुन्हा काढलं नाही. खेपांमधले उरलेले दिवस बैल नदीकाठी चरत, आणि त्यांच्या पाठीवरचे गोण्यांचे वळ हळूहळू पुसट होत. थावरूला घरी एवढे दिवस राहायची सवय नव्हती. त्याची बायको हसत सांगायची, की हा माणूस भाकरी गरम असतानाच खातो हे मला इतक्या वर्षांनी कळलं. हेमलाची नदीकाठच्या पेठेतही ओळख झाली. तिथल्या मिठाईवाल्याकडं बसल्यावर तो चार दिवसांच्या वाटेचं कौतुक असं करायचा, जणू ती त्यालाच सुचली असावी. झमकीच्या कानावर ते आलं, आणि ती ऐकून घेऊन कामाला लागली.

बोध: एकट्याला जवळची वाट सगळ्यांना जवळची असतेच असं नाही, म्हणून सगळ्यांचं एकत्र मांडून हिशोब करावा आणि त्यात जे राहून गेलं ते वाट चालून आलेल्याला विचारावं.